गिरण्यांच्या चिमण्या गेल्या, मग ही काजळी कुठली?

लालबागच्या आमच्या चाळीत आजी गच्चीवर पापड घालायची, तेव्हा आधी चिमणीकडे बघायची. गिरणीचा धूर कुठल्या अंगाला कललाय ते पाहून मग चादर पसरायची. मध्येच वारा फिरला की "उचला गं!" अशी हाक, आणि चार बायका चार टोकं धरून चादर जिन्यात आणायच्या. हे मी आईकडून ऐकलेलं. आता त्या चाळीच्या जागी टॉवर आहे आणि माझी मावशी त्यात सतराव्या मजल्यावर राहते. चिमणी नाही, गिरणी नाही, पापड दुकानातून येतात. तरी दिवाळीपासून होळीपर्यंत मावशी रोज सकाळी ओलं फडकं घेऊन खिडकीच्या पट्ट्या पुसते, आणि रोज ते फडकं काळं होतं.

"गिरण्यांचा संप होऊन चाळीस वर्षं उलटली. मग हे येतं कुठून रे?" तिनं एकदा फोनवर विचारलं. मी "प्रदूषण वाढलंय गं" असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न चोख होता. एवढ्या मोठ्या शहरातला धुराचा सगळ्यात ठळक उगम बंद पडला, तरी हवा साफ का झाली नाही?

मावशीचं ते फडकं एकदा नीट पाहिलं. त्यावर दोन तऱ्हेची घाण असते. एक राखाडी, बोटांत चोळली तर कचकच लागते: सिमेंट, रेती, रस्त्याची माती. दुसरी काळी, तेलकट, साबणानंही पटकन न निघणारी: डिझेलची, लाकडाची, कचऱ्याची काजळी. पण खरी भीती वाटावी असं तिसरंही काहीतरी हवेत असतं आणि ते फडक्यावर धड बसतही नाही.

अडीचची गोष्ट

हवेतले कण आकारानं मोजतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा मायक्रॉनपेक्षा लहान ते पीएम १०, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान ते पीएम २.५. आपला एक केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अडीचवाला कण केसाच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक. मोठी धूळ नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर येते. पीएम १० घशापर्यंत, श्वासनलिकेपर्यंत जातो. पीएम २.५ फुफ्फुसाच्या पार टोकाच्या फुग्यांपर्यंत पोचतो आणि त्यातले सगळ्यात बारीक कण तिथून रक्तातही उतरतात. म्हणूनच वाईट हवेचा हिशेब खोकल्यापाशी थांबत नाही. हृदयविकार, पक्षाघात, कमी वजनाची बाळं, हे सगळं त्यात येतं.

या अडीचमधला बराचसा भाग कुठल्याच नळीतून कण म्हणून बाहेर पडलेला नसतो. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड, गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड, गटारं-गोठे-खतं यांतून येणारा अमोनिया, हे वायू हवेत एकमेकांना भेटतात आणि तिथेच त्यांचे बारीक कण तयार होतात. थोडक्यात, ही धूळ हवेत शिजते. चिमणीवर कितीही चांगली जाळी बसवा, जाळीतून वायू म्हणून सुटलेली गोष्ट दहा-वीस किलोमीटरवर जाऊन कण होते. ती कुणाच्या खात्यावर लिहायची?

भारताच्या मानकाप्रमाणे पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावी. हे मानक २००९ चं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्वतःची शिफारस १० वरून ५ वर आणली. म्हणजे आपण पास झालो तरी त्यांच्या मापानं आठपट असू शकतो.

मोबाइलवर दिसणारा आकडा, एक्यूआय म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, हा वेगळाच प्रकार आहे. तो प्रदूषणाचं प्रमाण दाखवत नाही, ती प्रगतिपुस्तकावरची श्रेणी असते. आपल्याकडच्या पद्धतीत आठ विषय आहेत: पीएम १०, पीएम २.५, ओझोन, कार्बन मोनॉक्साइड वगैरे. पण सरासरी काढत नाहीत. ज्या विषयात सगळ्यात वाईट कामगिरी, तोच निकाल. शिवाय हा हिशेब मुख्यतः चोवीस तासांच्या सरासरीवर चालतो, त्यामुळे संध्याकाळी समोर कचरा पेटलेला दिसत असताना आकडा मात्र 'मध्यम' असू शकतो.

आणि दोन अ‍ॅपवर दोन आकडे दिसले की लोक एकमेकांना खोटं ठरवतात, त्याचं कारण साधं आहे. हवेत पीएम २.५ चं प्रमाण ६० असेल, तर भारतीय श्रेणीत ते १०० होतं, 'समाधानकारक'. अमेरिकी श्रेणीत तीच हवा दीडशेच्या वर जाते, 'अपायकारक'. हवा तीच, फुफ्फुसंही तीच, मास्तर वेगळे. व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट टाकण्याआधी एवढं बघावं.

खारे वारे, मतलई वारे

मुंबईला वर्षानुवर्षं एक वरदान होतं आणि त्याच वरदानानं तिला गाफील ठेवलं. दिल्लीची बातमी आली की आपण म्हणायचो, "आपल्याला समुद्र आहे." शाळेच्या भूगोलात आपण सगळे हे शिकलोय: दिवसा जमीन लवकर तापते, समुद्रावरून जमिनीकडे वारा येतो, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, वारा उलटा फिरतो, ते मतलई वारे. शहराचा केर रोज झाडून समुद्रात टाकणारी ही फुकटची झाडूवाली.

पण झाडूवाली रोज वेळेवर येत नाही. थंडीत उत्तरेकडून, ईशान्येकडून येणारा कोरडा वारा जोर धरतो, खाऱ्या वाऱ्यांना उशीर होतो, कधी ते अगदीच लुळे पडतात. मतलई वाऱ्यानं रात्री समुद्रावर नेलेलं काही दूर जातच नाही. किनाऱ्यालगत घुटमळतं आणि दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्याबरोबर घरी परत येतं. किनाऱ्यावरच्या बऱ्याच शहरांचं हे दुखणं आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. एक उदबत्ती दिवाणखान्यात लावा आणि तीच न्हाणीघरात दार लावून लावा. उदबत्ती तेवढीच, पण न्हाणीघरात डोळे चुरचुरतात. शहराच्या डोक्यावरही असं एक छत असतं. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापून हवा वर उसळते, छत खूप वर जातं, धूर पांगायला जागा मिळते. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, अशी उलटी घडी बसते. गार हवा जड, ती वर जायला तयार नाही. छत खाली येतं आणि सगळं शहर न्हाणीघरात.

म्हणून ऑक्टोबरात पाऊस परतला की मुंबईची हवा एकदम बिघडल्यासारखी वाटते. कारखान्यांनी त्या आठवड्यात काही नवं सुरू केलेलं नसतं. धुणारा पाऊस थांबलेला असतो, वारा पडलेला असतो, आणि चार महिने रखडलेली बांधकामं जोरात सुरू झालेली असतात.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईनं काही दिवशी दिल्लीलाही मागे टाकलं, तेव्हा शहर पहिल्यांदा दचकलं. शास्त्रज्ञांनी त्यामागे सलग तीन वर्षं चाललेल्या ला निन्याचा, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार पडण्याचा, आणि त्यामुळे बिघडलेल्या वाऱ्यांचा हात दाखवला. ते पटण्यासारखंच आहे. पण मला त्यातली अर्धीच गोष्ट लोकांपर्यंत पोचली असं वाटतं. वारा पडला म्हणून धूर दिसला, हे खरं. वाऱ्यानं धूर निर्माण केला नव्हता. झाडूवाली रजेवर गेली आणि घरात रोज किती केर होतो ते कळलं, इतकंच.

हवा सुधारायच्या कामातली पहिली मोठी अडचण इथेच आहे. एखादा हिवाळा बरा गेला तर ते पालिकेचं यश की वाऱ्याचं? वाईट गेला तर कुणाचं अपयश? एका वर्षाच्या आकड्यांवरून काहीच ठामपणे सांगता येत नाही. पाच-सात वर्षं सातत्यानं मोजलं, हवामानाचा परिणाम हिशेबातून वजा केला, तर कुठे कळतं. आणि पाच-सात वर्षांत नगरसेवक, आयुक्त, मंत्री सगळे बदललेले असतात.

एकेक उगम कसा गेला

मुंबईनं या बाबतीत काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. इथे धुराविरुद्धचा कायदा १९१२ सालचा आहे. गिरण्यांच्या आणि इंजिनांच्या धुराला तेव्हाचे लोकही वैतागलेले होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला विजेवरची पहिली लोकल गेली. आपण तिच्याकडे वाहतुकीचा इतिहास म्हणून बघतो, पण मुंबईच्या हवेवर तिच्याइतके उपकार दुसऱ्या कुठल्या योजनेनं केले असतील असं मला वाटत नाही. रोज लाखो माणसं शहराच्या आत एक थेंबही इंधन न जाळता ये-जा करतात. ती माणसं उद्या गाड्यांत बसली तर काय होईल, याची कल्पना कुठल्याही लोकल बंद पडलेल्या दिवशी हायवेवर करून बघावी.

मग टॅक्सी. नव्वदीच्या दशकात मुंबईच्या नाक्यावर उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी यायचं. नागरिकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, न्यायालयाच्या आदेशावरून व्ही. एम. लाल यांची समिती बसली, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत काळी-पिवळी सीएनजीवर आली. टॅक्सीवाल्यांनी विरोध केला, पंपांपुढे रात्र-रात्र रांगा लागल्या, पण झालं.

त्याहून मोठा आणि कुणाला न दिसलेला बदल इंधनात झाला. नव्वदीच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक असायचं, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळतं त्या बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक मानकाच्या) डिझेलमध्ये ते दहा लाखांत दहा भाग आहे. हजार पटींनी कमी. या बातमीवर कुणी ढोल वाजवले नाहीत, आणि तेव्हा आपण सगळे टाळेबंदीत घरी होतो.

गिरण्या मात्र हवेसाठी बंद झाल्या नाहीत. त्या संपानं आणि जमिनीच्या भावानं गेल्या. धूर गेला तशी अडीच लाख माणसांची रोजीही गेली, हे विसरून "हवा सुधारली" म्हणणं मला जमत नाही.

एवढं सगळं झालं तरी मावशीचं फडकं काळंच. कारण गेलेले उगम मोठे होते, थोडे होते, आणि त्यांचा मालक कोण हे माहीत होतं. गिरणीला मालक होता, इंजिनाला रेल्वे कंपनी होती, डिझेलला मोजक्या तेलकंपन्या. आता उरलेत ते हजारो, लहान, विखुरलेले. माहुल-चेंबूर-ट्रॉम्ब्याचा पट्टा हा अजूनही जुन्या तऱ्हेचा, बोट दाखवता येण्याजोगा भाग. तेलशुद्धीकरण, रसायनं, वीजकेंद्र. तिथले रहिवासी कित्येक वर्षं कोर्टाच्या आणि हरित लवादाच्या पायऱ्या चढताहेत. पण बाकीच्या शहरात बोट दाखवायचं कुणाकडे?

टायर धुवायचा खड्डा

मावशीच्या इमारतीसमोर पुनर्विकासाचं काम चालू आहे. नाव घेत नाही, तशी शहरात हजारो आहेत. पालिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली. उंच इमारतीच्या कामाभोवती ३५ फुटी पत्रे, बांधकामावर हिरवं ओलं कापड, राडारोडा झाकून न्यायचा, पाणी मारायचं, कॅमेरे लावायचे, आणि फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीची चाकं धुवायची. नियम चांगले आहेत. वाचताना खोट काढायला जागा नाही.

समोरच्या कामावर पत्रे आहेत. हिरवं कापड आहे, कोरडंठाक. फाटकापाशी चाकं धुवायचा सिमेंटचा उथळ खड्डाही आहे. मी एका रविवारी खिडकीत बसून चहाच्या दोन कपांत नऊ डंपर मोजले. एकाचंही चाक ओलं झालं नाही. खड्ड्यात पाणीच नव्हतं, एक कुत्रं झोपलं होतं. डंपर बाहेर पडला की चाकाला चिकटलेला चिखल पहिल्या शंभर मीटरात रस्त्यावर उतरायचा. मग त्यावरून बस, रिक्षा, मोटारसायकली. अर्ध्या तासात त्याचं पीठ झालेलं. हे पीठ टायरांबरोबर उडतं, बसतं, परत उडतं. रस्त्यावरच्या धुळीचा मोठा भाग असा कुठूनतरी आलेला असतो. रस्ता स्वतः फार थोडी धूळ बनवतो.

मावशी म्हणाली, "कधीकधी मारतात पाणी. साहेब येणार असले की."

यात कंत्राटदाराला नुसतं दुष्ट ठरवून भागत नाही. चाकं धुवायला पाणी लागतं, टँकरचे पैसे लागतात, माणूस लागतो, प्रत्येक फेरीला पाच मिनिटं जातात. न धुतलेल्या चाकाची किंमत त्याला पडत नाही. ती मावशीच्या फडक्याला, रस्त्यावर झाडू मारणाऱ्या बाईच्या फुफ्फुसाला आणि नाक्यावरच्या वडापाववाल्याला पडते. ज्याच्या हातात उपाय आहे त्याला त्रास नाही, आणि ज्याला त्रास आहे त्याच्या हातात उपाय नाही. हवेच्या प्रश्नाचं अर्थशास्त्र बहुतेक सगळं या दोन वाक्यांत येतं.

तपासायला माणसं किती? पालिकेच्याच हिशेबानं शहरात एका वेळी हजारो बांधकामं चालू असतात. वॉर्डातला एक अभियंता, त्याच्याकडे रस्ते, नाले, अतिक्रमण आणि वर हे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आकडे फार चढले तेव्हा पालिकेनं भायखळा आणि बोरिवली पूर्वेची बांधकामं सरसकट थांबवली. काही दिवसांनी हवा बरी झाली, बंदी उठली. असा दणका अधूनमधून लागतो, पण बघा, नियम पाळणारा आणि मोडणारा दोघंही सारखेच बंद. मग पाळणाऱ्यानं पुढच्या वेळी टँकर कशाला मागवावा?

रस्ते धुणं, तुषार उडवणाऱ्या तोफा, हे दिसायला छान असतं आणि फोटो चांगला येतो. जाड धूळ त्यानं काही तास बसते, हे खरं. पण अडीचवाल्या कणावर त्याचा फारसा परिणाम नाही, आणि ऊन चढलं की रस्ता परत कोरडा. केंद्र सरकारचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. आधी २०२४ पर्यंत २० ते ३० टक्के घट, नंतर २०२६ पर्यंत ४० टक्के, अशी उद्दिष्टं ठरली. शहरांची परीक्षा मात्र प्रत्यक्षात पीएम १० वर होते, म्हणजे जाड धुळीवर. त्यामुळे पैसाही तिकडेच वाहिला. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबात खर्चाचा जवळपास दोन तृतीयांश भाग रस्त्यांच्या धुळीवर गेला होता, आणि उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही नव्हता. ज्या विषयाची परीक्षा, त्याचाच अभ्यास; मुलं तरी दुसरं काय करतात?

पावाचा प्रश्न

बांधकामावर बोलणं सोपं आहे, बिल्डर कुणालाच आवडत नाही. पण पाव?

मुंबईचा पाव अजूनही बऱ्याच ठिकाणी लाकडाच्या भट्टीत भाजला जातो. लाकूड म्हणजे जंगलातलं नव्हे. जुन्या इमारती पाडल्या की निघणारी दारं-खिडक्या, मोडके पलंग, प्लायवूड, पेट्या. स्वस्त पडतं. पण त्यावर रंग, वार्निश, डिंक, खिळे असतात आणि त्यांच्यासकट ते जळतं. भट्टी पहाटे दोन-तीनला पेटते, नेमकं तेव्हा, जेव्हा शहराचं छत सगळ्यात खाली आलेलं असतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं.

आदेश योग्यच, पण भट्टीवाल्याच्या बाजूनं बघू. त्याची बेकरी आजोबांनी भाड्यानं घेतलेली, गल्ली एवढी अरुंद की गॅसची पाइपलाइन यायला रस्ता खणावा लागणार. विजेची भट्टी घ्यायची तर लाखांचा खर्च, मीटरचा भार वाढवून घ्यायचा, आणि नव्या भट्टीला आत जागा नाही. पावाची लादी दोन रुपयांनी वाढवली की वडापाववाला दुसऱ्याकडे जातो. तो म्हणतो, समोरच्या टॉवरचे डंपर तुम्हाला दिसत नाहीत, माझीच भट्टी दिसते. टॉवरवाला म्हणतो, गाड्यांचं बघा. गाडीवाला म्हणतो, डम्पिंग ग्राउंडचं बघा. गंमत अशी की प्रत्येकाचं थोडंथोडं खरं असतं.

डम्पिंगचं तर आहेच. देवनारचं कचराभूमीचं काम १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ती आग सगळ्यांना आठवते. रोज रात्री शहरात ठिकठिकाणी पेटणाऱ्या छोट्या शेकोट्या कुणाला आठवत नाहीत: वॉचमन थंडीत ऊब घेतो, झाडूवाला पाला पेटवतो, भंगारवाला तांब्यासाठी वायर जाळतो. भंगारवाल्याला दंड केला तर तो दुसऱ्या गल्लीत जाळेल. वॉचमनला हिटर किंवा निदान स्वेटर देणं स्वस्त आहे, हे काही सोसायट्यांना सुचलंय म्हणतात. फटाक्यांबद्दल दरवर्षी एवढं लिहून येतं की मी दोनच शब्द लिहितो: दोन-चार दिवस.

हवेला वॉर्ड नसतो

समजा, मुंबई पालिकेनं उद्या सगळं मनावर घेतलं. तरी तिची हद्द दहिसर-मुलुंडला संपते. पलीकडे ठाणे, मिरा-भाईंदर, नवी मुंबई, कल्याण, भिवंडी, पनवेल. दगडाच्या खाणी, खडी-क्रशर, वीटभट्ट्या, तळोज्याचे कारखाने, न्हावा-शेवा बंदराकडे रात्रंदिवस जाणारे कंटेनर. हिवाळ्यात ईशान्येकडून येणारा वारा हे सगळं उचलून आणतो. उरलेल्या काळात आपलं त्यांच्याकडे जातं. पाण्याचं जसं पाणलोट क्षेत्र असतं, तसं हवेचंही असतं. धरणाच्या वर कुणी घाण सोडली तर खाली गाळण्या बसवून किती भागणार?

आता या पाणलोटाचे मालक मोजा. महापालिका अनेक. रस्ते काही पालिकेचे, काही एमएमआरडीएचे, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. झोपडपट्टी पुनर्वसन वेगळ्या प्राधिकरणाकडे, म्हाडाच्या इमारती म्हाडाकडे. कारखाने आणि सिमेंट मिसळणारे आरएमसी प्लांट प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. गाड्यांची तपासणी आरटीओकडे, कोंडी वाहतूक पोलिसांकडे, बंदर केंद्राकडे. प्रत्येकाकडे एक तुकडा आहे, आणि पूर्ण चित्राची जबाबदारी कुणाच्याच पगारात बसत नाही. दिल्ली आणि आसपासच्या राज्यांसाठी केंद्रानं कायद्यानं एक आयोग नेमला आहे. त्याच्या कामगिरीवर टीका भरपूर होते, पण निदान पत्र कुणाला लिहायचं ते ठरलेलं आहे.

बीजिंगचं उदाहरण आपल्याकडे नेहमी देतात. २०१३ मध्ये तिथे पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ८९.५ होती, २०२१ मध्ये ती ३३ वर आली. आठ वर्षांत हे झालं ते शहराभोवतीच्या सगळ्या प्रांतांना एकाच योजनेत बांधून, घराघरातला आणि बॉयलरमधला कोळसा बदलून, कारखाने हलवून, आणि त्यासाठी अफाट पैसा ओतून. तिथली सत्ता ज्या तऱ्हेनं हे करू शकते ती तऱ्हा मला इथे नको आहे. एका थंडीत काही गावांत कोळसा आधी काढला आणि गॅस नंतर आला, लोक गारठले. पण क्षेत्र एक, हिशेब एक, आणि मुदत वर्षांची, हे तिथून घेण्यासारखं. आणि लक्षात ठेवा, एवढं करूनही ३३ म्हणजे जागतिक शिफारशीच्या सहापटीहून जास्तच. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ च्या पाच दिवसांच्या धुक्यात सुरुवातीच्या मोजणीनुसारच चार हजार माणसं गेली, कायदा १९५६ मध्ये आला, आणि घराघरातल्या शेगड्यांतून कोळसा जायला पुढे कित्येक वर्षं लागली.

मुंबईपुरतं मला सगळ्यात जास्त काय खुपतं ते सांगू? बस. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांवर गाड्या होत्या, आता तीन हजारही नाहीत. नव्या येतात त्या विजेवरच्या, ते चांगलंच. पण दोन जुन्या गाड्या जाऊन एक विजेची आली, तर उरलेले प्रवासी कुठे जातात? स्कूटर घेतात. मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचवरून दहा रुपये झालं. स्टॉपवर चाळीस मिनिटं उभं राहून कंटाळलेल्या माणसाला हप्त्यावर दुचाकी मिळते, आणि शहराच्या वाहनसंख्येत, जी चाळीस लाखांच्या कधीच पुढे गेली, एकाची भर पडते. त्याला दोष देता येत नाही. स्टॉपवर वेळेत आलेली बस हा हवेवरचा उपाय आहे, हे अर्थसंकल्पात कुठल्याही शीर्षाखाली लिहिलेलं नसतं.

मावशीला मी हे सगळं तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझ्या हयातीत फडकं पांढरं राहणार नाही?" मी म्हटलं, रोज नाही, पण आत्तापेक्षा कमी काळं होऊ शकतं. समोरच्या फाटकाचा, चाकाच्या खड्ड्याचा फोटो काढून वॉर्डाला तक्रार कशी टाकायची ते तिला दाखवलं. तिनं तीन टाकल्या. दुसऱ्या तक्रारीनंतर आठवडाभर खड्ड्यात पाणी होतं, कुत्र्यानं जागा बदलली. मग परत कोरडा.

जूनमध्ये तिच्याकडे गेलो तेव्हा धो धो पाऊस. खिडकीच्या पट्ट्या लख्ख, फडकं दोरीवर वाळत. मोबाइलवर आकडा हिरवा, पन्नासच्या आत. समोर खाली पाहिलं तर तो खड्डा काठोकाठ भरलेला, आणि बाहेर पडणारा प्रत्येक डंपर त्यातून चाकं बुडवूनच जात होता.